तीन बोटं वर

सकाळी साडेदहाला ताईंनी यंत्राचं बटण बंद केलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्या खोलीत शांतता झाली. ठक-फस, ठक-फस हा आवाज सगळ्यांच्या कानात असा मुरला होता, की तो थांबताच शेजारच्या खोलीतून दोघं जण येऊन डोकावून गेले, काय बिघडलं म्हणून. बिघडलं काहीच नव्हतं. दुपारी तीनला इस्पितळाची माणसं यायची होती, आणि ज्या काचेच्या पेटीत नवी झडप रात्रंदिवस उघडमीट करत होती तिच्या काचेवर आतून पांढुरकी साय धरली होती. काच तेवढी लख्ख करा, असं मॅडम आदल्या दिवशी सांगून गेल्या होत्या.

विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या प्रयोगशाळेत माणसाच्या हृदयात बसवायची झडप तयार होत होती. कोटाच्या मोठ्या बटणाएवढी, नव्या तऱ्हेच्या प्लॅस्टिकची, तीन पातळ पाकळ्यांची. हृदयाच्या जागी पंप होता आणि रक्ताच्या जागी मीठ-ग्लिसरीन घातलेलं पाणी. झडपेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, असे काडेपेटीएवढे दोन दाबमापक बारीक नळ्यांनी पेटीला जोडलेले होते. दोघांच्या आकड्यांतला फरक म्हणजे त्या झडपेतून रक्त ढकलायला हृदयाला किती जोर काढावा लागेल, त्याचं माप. फरक जितका कमी तितकी झडप चांगली. इस्पितळाने हद्द घालून दिली होती: दहाच्या आत असेल तरच ती माणसाच्या छातीत जाईल. नवी झडप आठ दाखवत होती. तीन महिने, रोज, आठ.

तो आठ ताईंच्या अक्षरात वहीत उतरत होता. ताई तिथल्या तंत्रज्ञ. निवृत्तीला आठ महिने उरलेले. बावीस वर्षांपूर्वी मॅडम नुकत्याच शिकवायला लागल्या होत्या, तेव्हा विद्यापीठाने त्यांना मोडक्या खुर्च्या ठेवायची एक खोली दिली आणि सोबतीला ताई दिल्या. दोघींनी पदर खोचून खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. पहिला पंप त्यांनी एका जुन्या मोटारीच्या वायपरच्या मोटरवर चालवला. तो दर अर्ध्या तासाने रुसायचा, आणि मग ताई त्याला दोन टपल्या मारायच्या. मॅडम हसून म्हणायच्या, तुमच्या हातात जादू आहे. जादू कसली, आतली एक तार सैल होती. ताईंनी ती पुढे चिकटवली, पण सांगितलं नाही. कौतुक कुणाला नको असतं.

काच धुऊन झाली. नवी झडप तिच्या वाडग्यात, औषधी पाण्यात पहुडली होती. ती सुकता कामा नये, म्हणून शेवटच्या क्षणी बसवायची. तोवर पेटी रिकामी फिरवण्यापेक्षा ताईंनी आजीला बसवलं.

आजी म्हणजे पोलादी चकतीची एक जुनी झडप. ती कुणाच्या छातीत जायची नव्हती. तिचा उपयोग एवढाच, की ती बदलत नसे. बावीस वर्षांत पंप बदलले, नळ्या बदलल्या, विद्यार्थी तर किती आले आणि गेले, पण आजीला पेटीत बसवलं की फरक अकरा. कधी पावणेअकरा, कधी सव्वाअकरा, त्यापलीकडे नाही. दर सोमवारी आजीला फिरवून बघायचं, मग आठवड्याचं काम, असा तिथला शिरस्ता होता. या तीन महिन्यांत तेवढा तो मोडला होता, कारण नवी झडप मध्ये थांबवायची नाही, असं मॅडमनीच ठरवलं होतं.

पंप सुरू झाला. ठक-फस. पडद्यावर दोन लाटा उमटल्या आणि खाली आकडा आला. सात.

ताईंनी चष्मा पुसला. सात.

आधी त्यांना वाटलं नळीत हवा शिरली असेल. त्यांनी दोन्ही नळ्या बोटाने टिचकावत पाहिल्या. एकही बुडबुडा नव्हता. पंपाचा ठोका मोजला, बरोबर सत्तर. पाणी तेच, ऊब तीच. राहता राहिलं शून्य. दाबमापकाला रोज सकाळी शून्य शिकवावं लागतं: त्याची छोटी तोटी हवेकडे उघडायची, आणि पडद्यावर जे येईल त्याला शून्य म्हणायचं. हे काम ताई झोपेतसुद्धा करू शकल्या असत्या. त्यांनी हात लांबवला, अलीकडच्या मापकाची तोटी उघडली, शून्य पाहिलं, तोटी मिटली. पुन्हा सात.

हात तोटीवरच राहिला. आपण उभ्याउभ्या तोटी उघडली, हे त्यांच्या लक्षात आलं. वाकावं लागलं नव्हतं. गुडघा दुखला नव्हता.

त्यांनी मापकाच्या फळीकडे पाहिलं.

तीन महिन्यांपूर्वीपर्यंत हा अलीकडचा मापक खाली, पेटीच्या मागच्या अंगाला, बरोबर झडपेच्या उंचीवर असायचा. त्याच्या पुढ्यात पाणी साठायच्या परातीचा काठ यायचा, म्हणून तोटी उघडायला रोज गुडघ्यावर बसून हात आत घालावा लागे. बावीस वर्षं त्या बसल्या. मग गुडघे कुरकुरायला लागले. घरी त्यांची नणंद होती; दोघी वहिनी-नणंद एकमेकींच्या आधाराने राहायच्या आणि एकमेकींना टोमणे मारल्याशिवाय त्यांना चहा गोड लागायचा नाही. नणंद म्हणायची, "वहिनी, तू नुसती जिन्यात दिसलीस तरी कळतं. तुझ्याआधी तुझे गुडघे बोलतात."

कामावर मात्र ताईंनी गुडघ्यांना बोलू दिलं नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या एका तंत्रज्ञाची पाठ धरली, तर त्याला सहा महिन्यांत तळघरातल्या दप्तरखान्यात कागदांना नंबर घालायला बसवलं होतं. बावीस वर्षं यंत्र सांभाळलेल्या माणसाने कागदांना नंबर घालत निरोप घ्यायचा, ही कल्पनाच ताईंना सहन होत नव्हती. म्हणून त्यांनी कार्यशाळेतल्या मिस्त्रींना गाठलं. मापकाच्या फळीखाली दोन लाकडी ठोकळे घालून ती जरा वर घ्याल का, परातीच्या काठाच्या वर, एवढंच. मिस्त्रींनी हात लावून माप घेतलं. तीन बोटं. दहा मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवसापासून ताई उभ्याने तोटी उघडायला लागल्या, आणि त्यांना इतकं हलकं वाटलं, की घरी जाताना जिन्यात त्या गाणं गुणगुणत होत्या.

नळीत पाणी असतं, आणि पाण्याला वजन असतं. मापक झडपेपेक्षा वर गेला, की तेवढ्या पाण्याचं वजन दाबातून वजा होतं. तीन बोटं वर, म्हणजे चार आकडे कमी. हे ताईंना माहीत नव्हतं असं नाही. नव्या मुलांना त्याच शिकवायच्या, की शून्य झडपेच्या उंचीवर धरायचं. पण मापक आणि झडप बावीस वर्षं एकाच उंचीवर होती, त्यामुळे तोटी मापकाजवळ उघडली काय नि झडपेजवळ उघडली काय, एकच. हाताला जी सवय लागली ती जुन्या जागी खरी होती. फळी वर गेली आणि सवय तिथेच राहिली. रोज सकाळी मापक मुकाट्याने शून्य दाखवी आणि दिवसभर चार आकडे गिळे.

त्यांनी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. त्यांनी ठोकळे ओढून काढले, फळी खाली बसवली, गुडघा टेकून परातीखाली हात घातला आणि शून्य धरलं. आजी अकरावर आली.

मग त्यांनी वाडग्यातून नवी झडप चिमट्याने उचलली, कडीत बसवली आणि पंप सुरू केला.

बारा.

आठ नाही. बारा. दहाच्या हद्दीबाहेर दोन पावलं.

"हे काय, बारा कसं?"

मागे भिंगरी उभी होती. मॅडमची ही शेवटची विद्यार्थिनी. दिवसभर खोलीत गरगर फिरत असे, म्हणून तिला ते नाव ताईंनीच ठेवलं होतं. हातात भाषणाचे कागद, ओठ अजून पाठ केलेलं पुटपुटत होते. ही झडप तिची होती. आधीच्या झडपेचा फरक तेरा येत होता. हिने पाकळीची कड नव्या तऱ्हेने कापली, आणि आकडा आठवर उतरला. त्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना चहा पाजला होता. त्या आठवर तिचा प्रबंध उभा होता, दुसऱ्या देशातली नोकरी ठरत आली होती, आणि शिष्यवृत्ती या महिन्याअखेर संपत होती.

ताईंनी तिला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. गुडघ्यापासून. भिंगरी हुशार होती. तीन बोटं म्हटल्यावर पुढचं गणित तिने मनातच केलं. तिचा चेहरा उतरत गेला.  मग ती उठून दार लोटून आली आणि हळू आवाजात बोलायला लागली. आज झडपेच्या मंजुरीवर नुसती सही होणार आहे, ती म्हणाली. फळी परत वर ठेवू. उद्यापासून आपण दोघी नीट मोजू, कड आणखी कापू, दहाच्या आत आणू, मी रात्रंदिवस बसेन. कुणाला काही कळायचं कारण नाही.

"आणि सोमवारी?" ताई म्हणाल्या.

सोमवारी पहिली शस्त्रक्रिया होती. एक शाळामास्तरीण होत्या, पन्नाशीच्या. पंधरा दिवसांपूर्वी सर्जन त्यांना इथे घेऊन आले होते. तीन मजले चढून त्यांना इतका दम लागला, की दहा मिनिटं त्या याच स्टुलावर बसून होत्या. मग उठून काचेला नाक लावून म्हणाल्या, हीच का माझी? मुलांच्या वह्यांवर शेरा मारणाऱ्या बाईंचा आवाज, पण जरासा कापरा. त्यांनी मॅडमना काही विचारलं नाही, सर्जनना नाही. ताईंनाच विचारलं, तुम्ही रोज बघता ना हिच्याकडे, चालते ना नीट? ताई म्हणाल्या होत्या, घड्याळासारखी चालते.

"आठ आणि बारात असं काय आहे मोठं?" भिंगरी म्हणाली. "आजी अकरावर आहे, आणि तसल्या झडपा लोकांच्या छातीत वर्षानुवर्षं चालल्यात की."

ते खरं होतं. ताईंनी काचेतल्या पाकळ्यांकडे पाहिलं.

"त्या बाईंना आपण आठ सांगितलंय," त्या म्हणाल्या.

भिंगरीला रडू फुटलं. रडतारडताच ती म्हणाली, की तुमचे आठ महिने राहिलेत ताई, माझं सगळं आयुष्य जायचंय. ते ताईंना लागलं. लागावं म्हणूनच ती बोलली होती.

आधी त्या कार्यशाळेत गेल्या. एक गोष्ट हाताशी असती तर बरं झालं असतं: फळी नेमकी कुठल्या दिवशी वर गेली ती तारीख. कड कापलेली झडप आणि वर गेलेली फळी, दोन्ही एकाच आठवड्यातल्या, एवढं त्यांना आठवत होतं. मागेपुढे काय ते आठवत नव्हतं. मिस्त्रींनी कामांच्या चिठ्ठ्यांचा तारेत ओवलेला गठ्ठा चाळला आणि मान हलवली. तुमचं काम म्हणून चिठ्ठी केली नाही, ते म्हणाले, तुम्हीच म्हणालात कुठे लिहू नका. आता ते काळजीत पडले. काही मोडलं का, ताई? ताई म्हणाल्या, तुमच्या हातून काही नाही.

जिना चढून वर येताना त्या दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून थांबल्या. खाली आवारात कुणीतरी गाड्या लावायची जागा पाहुण्यांसाठी मोकळी करून घेत होतं. दोन वाजत आले होते.

मॅडम खोलीत फाइल चाळत बसल्या होत्या. नवी साडी, केस नीट बांधलेले. अकरा वर्षं त्या या दिवसाची वाट बघत होत्या. ताईंनी दार लावून घेतलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं.  सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"कधी?"

"तारीख आठवत नाही."

"वहीत?"

"लिहिली नाही."

तेव्हा मात्र मॅडमचा आवाज चढला. "बावीस वर्षांत एक स्क्रू बदलला तरी तुम्ही तो लिहून ठेवलात. मी हसायचे तुम्हाला. आणि हे नाही लिहिलंत?"

"लाज वाटली," ताई म्हणाल्या.

मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या. पाठमोऱ्याच बोलायला लागल्या, आणि ते बोलणं ताईंशी होतं की स्वतःशी ते कळत नव्हतं. चूक चार आकड्यांची असती तर चार मिळवले असते आणि पुढे गेलो असतो. पण फळी आधी गेली की कड आधी कापली, हे माहीत नसेल तर त्या मुलीने कापलेल्या कडेने काही केलं की नाही, हेच कुणाला सांगता येणार नाही. कदाचित सगळाच खेळ तुमच्या ठोकळ्यांचा असेल. दोन वर्षांचं तिचं काम. मग त्यांनी आणखी कुणाला माहीत आहे, ते विचारलं. भिंगरीला, ताई म्हणाल्या. मिस्त्रींना काय बिघडलं ते ठाऊक नाही.

म्हणजे तिघी. तेवढं म्हणून मॅडम थांबल्या, आणि त्या थांबण्यात काय काय आहे ते ताईंना त्यांच्या पाठीवरून वाचता आलं. बावीस वर्षं ती पाठ पाहिली होती.

"तुम्ही जाऊन यंत्र सुरू ठेवा," मॅडम म्हणाल्या. "पाहुणे आधी तेच बघतील."

ताई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "कुठल्या उंचीवर?"

 मॅडमनी टेबलावरची फाइल उचलली, पुन्हा ठेवली, आणि तोंड धुवायला निघून गेल्या.

पावणेतीन ते तीन ही पंधरा मिनिटं ताईंनी यंत्रापुढे उभं राहून काढली. दोन्ही ठोकळे एप्रनच्या खिशात होते. फळीखाली सरकवायला अर्धं मिनिट लागलं असतं. भिंगरी कोपऱ्यात कागद हातात धरून बसली होती आणि ताईंच्या खिशाकडेच बघत होती. एकदा ताईंचा हात खिशात गेलाही. लाकूड गुळगुळीत होतं. मिस्त्रींनी कडा घासून दिल्या होत्या, बोटाला कुसळ लागू नये म्हणून. ठक-फस. पडद्यावर बारा. त्यांनी हात बाहेर काढला, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहिल्या, शाळेत उभं राहतात तशा.

जिन्यात पावलं वाजली. सर्जन पुढे, मागे इस्पितळाच्या समितीची दोन माणसं, आणि शेवटी मॅडम. सर्जन उंच, घाईचे, चांगल्या स्वभावाचे. आल्याआल्या त्यांनी ताईंना नमस्कार केला आणि काचेपाशी गेले. पाकळ्या उघडत होत्या, मिटत होत्या. सुंदर, ते म्हणाले. मग त्यांची नजर पडद्यावर गेली. एका समितीवाल्याने हातातली फाइल उघडली, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा फाइलमध्ये पाहिलं.

"इथे आठ लिहिलंय," तो म्हणाला.

 ताई मॅडमकडे बघत नव्हत्या, त्यांना बघवेना. यंत्र आज नवं धुतलंय, जरा वेळ द्या, स्थिरावेल, असं एक वाक्य पुरे होतं. भिंगरीने तर तोंडही उघडलं होतं.

"पडद्यावरचं खरं आहे," मॅडम म्हणाल्या. "फाइल चुकीची आहे. आम्हाला आज सकाळी कळलं."

पुढची वीस मिनिटं त्या बोलत होत्या. फळी, नळी, तीन बोटं, काही लपवलं नाही. फक्त फळी कुणी वर घेतली त्या जागी, आमच्याकडून वर घेतली गेली, असं म्हणाल्या. ताई एक पाऊल पुढे आल्या आणि म्हणाल्या, मी घेतली. समितीवाल्याने नाव विचारून लिहून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. त्याचं कामच ते होतं.

सर्जननी सगळं शांतपणे ऐकलं. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी किती दिवस लागतील ते विचारलं, आणि मॅडमनी सांगता येणार नाही म्हटलं. मग ते खिशातून फोन काढून नुसताच हातात धरून उभे राहिले.

"तिने शाळेत सांगून टाकलंय सोमवारचं," ते म्हणाले. "थांबता यायचं नाही. धातूची बसवतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या घ्याव्या लागतील तिला, जन्मभर. तेवढ्याच टाळायच्या होत्या." ताईंकडे वळून ते पुढे म्हणाले, "सोमवारनंतर सांगितलं असतंत तर मात्र मला तिच्याकडे बघता आलं नसतं."

ते गेले. खोलीत तिघीच उरल्या.

भिंगरी आता रडत नव्हती. ती सरळ मॅडमसमोर येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, की माझ्या कडेत काही होतं की नव्हतं? तेवढं तरी मला कळलं पाहिजे. मॅडम म्हणाल्या, तारखेशिवाय नाही कळायचं. झडप कुठल्या दिवशी बसवली ते वहीत आहे. फळी कुठल्या दिवशी हलली ते कुठेच नाही.

ताई आपल्या कपाटाशी गेल्या. आत पर्स होती, आणि पर्सच्या आतल्या कप्प्यात, चार घड्या केलेला, एक कागद. सकाळपासून तो कागद त्यांना आठवत नव्हता असं म्हणता येणार नाही. आठवत होता. मिस्त्रींकडे तारीख मिळाली असती तर तो काढावा लागला नसता, एवढंच. हाडांच्या डॉक्टरांकडे त्या तेव्हा एका सकाळी चोरून गेल्या होत्या, घरीसुद्धा बँकेत जाते म्हणून सांगितलं होतं. आणि डॉक्टरांनी जे सांगितलं ते ऐकून त्याच दुपारी मिस्त्रींना गाठलं होतं. त्यांनी घड्या उलगडून कागद टेबलावर ठेवला.

वर तारीख होती. खाली डॉक्टरांच्या अक्षरात: दोन्ही गुडघे झिजलेले. जिने टाळावेत. यापुढे बसूनच काम.

मॅडमनी कागद वाचला. दोनदा वाचला. मग वही ओढली. नवी कड कापलेली झडप पेटीत गेल्याची तारीख, आणि कागदावरची तारीख. मध्ये पाच दिवस. झडप आधी, फळी नंतर.

"ते पाच दिवस आपण मोजलेच नाहीत," भिंगरी म्हणाली. नवी झडप पाण्यात रुळायला पाच दिवस लागतात, म्हणून सुरुवातीचे पाच दिवस सोडून द्यायचे, असाच तिथला रिवाज होता. सहाव्या दिवसापासून आठ आला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"मोजले नाहीत. लिहिलेत," ताई म्हणाल्या, आणि वहीच्या समासात बोट ठेवलं. पेन्सिलीने, बारीक अक्षरात, पाचही दिवसांचे आकडे होते. बारा, पावणेबारा, बारा, बारा, सव्वाबारा.

आधीच्या झडपेचे तेरा. हिचे बारा. फळी जागेवर असताना.

"एक," भिंगरी म्हणाली. तेरावरून आठवर उतरलेल्या पाचातले चार फळीचे, एक तिचा.

"एक," मॅडम म्हणाल्या. "पण तो तुझा आहे. तो कुणी काढून घेणार नाही." त्या दमलेल्या दिसत होत्या, आणि एकदम त्यांचं वय जाणवत होतं. नोकरीवाल्यांना आज रात्री तूच पत्र लिही, त्या भिंगरीला म्हणाल्या, मी खाली सही करेन. शिष्यवृत्तीचं मी बघते. होईल असं म्हणत नाही. मग त्यांनी डॉक्टरांचा कागद उचलला, आणि तो हातात तसाच धरून ताईंकडे न बघता म्हणाल्या, "तारखेला पुरावा हाच एक आहे. अहवालाला जोडावा लागेल. वरपर्यंत जाईल."

"जोडा."

"दप्तरखान्यात बसवतील तुम्हाला."

"बसवू देत," ताई म्हणाल्या. "बसूनच काम सांगितलंय."

मॅडमना हसू आलं असावं. तोंड फिरवलं त्यांनी.

पाच वाजायच्या आत ताईंनी वहीचं नवं पान काढलं. आजची तारीख घातली आणि खाली लिहिलं, की अलीकडच्या मापकाची फळी अमुक दिवशी तीन बोटं वर घेतली होती, आज खाली आणली, घेणारी मीच. सही केली. पंप बंद केला. मग एप्रन गुडघ्यांखाली सारून परातीपाशी खाली बसायला गेल्या, तर भिंगरी त्यांच्या आधीच खाली बसली होती. तिचे डोळे सुजलेले होते आणि तिने ताईंकडे पाहिलं नाही.

"कुठली तोटी आधी?" तिने विचारलं. आवाजात माया नव्हती. रागही पूर्ण गेला नव्हता.

"मापकाची नाही," ताई म्हणाल्या. "पेटीची. पाणी बरोबर झडपेच्या रेषेला येऊ दे. आलं? आता थांब, हलायचं थांबू दे त्याला. आता बघ पडद्यावर."